हार घातलेलं टेकाड

आमच्या घोडेगावात सोपानभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्या स्टुडिओच्या भिंतीवर एका टेकडीच्या फोटोला चंदनाचा हार घातलेला आहे. टेकडी, तिच्याभोवती पाणी, वर थोडं आभाळ. बस्स. पासपोर्टचा फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, समोर बघतं आणि हमखास विचारतं, "भाऊ, टेकडी कधी वारली?"

सोपानभाऊ म्हणतात, "मान जरा वर. हलू नका." आणि बटण दाबतात. त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांच्या फोटोत तो प्रश्न चेहऱ्यावर तसाच राहिला आहे.

माझं झेरॉक्सचं दुकान स्टुडिओला लागूनच आहे. मधली भिंत पातळ. "हलू नका" दिवसभर माझ्याही कानावर पडतं आणि मी मशीनवर कागद ठेवून उगाचच स्तब्ध उभा राहतो. लग्नाच्या कामाला मात्र भाऊंना तालुकाभर मागणी, कारण त्यांच्या हातून क्षण म्हणून सुटत नाही. सुटलाच तर ते तो परत करून घेतात. पेठच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाला मंगळसूत्र पुन्हा पुन्हा घालायला लावलं. कधी हात मध्ये आला, कधी करवली मध्ये आली. भटजी कातावले. शेवटी नवरीच म्हणाली, "भाऊ, आता बास. पक्कं झालं लग्न."

एवढी माणसं टिपणाऱ्या या माणसाला मुहूर्त नसेल त्या दिवशी माणूस डोळ्यांसमोर नको असतो. दर उन्हाळ्यात ते कॅमेरा गळ्यात अडकवून डिंभे धरणाच्या पाण्यातल्या त्या टेकडीवर जातात, दिवसभर फोटो काढतात आणि संध्याकाळी तोंड पाडून परत येतात. हाराखाली लावण्याजोगा फोटो म्हणे अजून निघालेला नाही. आहे तो तात्पुरता आहे.

"न्हाई आलं," एवढंच सांगतात.

"काय नाही आलं?"

"ते."

यापुढे विचारायची सोय नाही.

या वैशाखात मात्र ते स्वतः माझ्या दुकानात आले. "मशीन बंद करा राव. पाणी लई खाली गेलंय. आमच्या घराचं जोतं उघडं पडलंय. औंदा निघाला फोटो तर निघाला. पाऊस झाला की परत झाकंल सगळं."

भाऊंची वाडी धरणात गेली हे मला ऐकून ठाऊक होतं. पण ती त्या टेकडीच्याच पायथ्याशी होती, हे तेव्हा कळलं. मी शटर ओढलं.

होडीवाला पोरसवदा नव्हता, चांगला बापया होता, पण हल्ली पुण्यामुंबईची गिऱ्हाइकं ने-आण करून त्याची भाषा बदललेली. "बेटावर जायचं का?" त्याने विचारलं, आणि सोपानभाऊ तडकले.

"बेट न्हाई, टेकाड! आमची शेरडं चरायची तितं. पाणी पावणं आलंय. पावण्याच्या नावानं घर ओळखत्यात व्हय रं?"

पाहुणा चांगला तीस-चाळीस वर्षं मुक्काम ठोकून बसलाय, हे सांगायचा मोह मी आवरला.

टेकाडावर पोचल्यावर भाऊंनी तिवई मांडली आणि निसर्गाला लग्नातल्या वऱ्हाडासारखं दटावायला सुरुवात केली. "ढगानू, जरा सरका की. एकावर एक काय चढताय? हां. झाडा, हलू नको." एक ढग खरोखरच सरकला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ऐकणारा फक्त तोच. मी चुकून कॅमेऱ्यासमोर गेलो की ओरडत, "फ्रेममधी माणूस नको!" मी बिचारा त्या एवढ्याशा टेकाडावर कुठे कुठे लपणार? शेवटी एका करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसलो.

खाली पाण्याच्या काठाशी जोतं दिसत होतं. चार ओळी दगडांच्या, त्यांवर वाळून भेगाळलेला गाळ आणि पुढे उंबऱ्याचा एक लांब दगड. भाऊ त्याचेच फोटो काढत होते. उभे राहून, बसून, पालथे पडून. ऊन डोक्यावर आलं. प्रत्येक फोटो ते कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघत आणि मान हलवत.

"न्हाई आलं," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "रिकामं वाटतंय."

मग ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. माझ्या खांद्यावर टॉवेल होता.

"तुमी जरा खाली जाता? उंबऱ्यावर उभे राहा. तो टॉवेल डोक्यावर घ्या, पदरासारखा."

"फ्रेममधे माणूस नको ना?"

"माणूस नकोच," ते म्हणाले. "आई पायजे."

मग सांगितलं, कॅमेऱ्याकडेच बघत. लहानपणी ते शेरडं घेऊन इथं वर असायचे. दुपारी आई उंबऱ्यावर यायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि वर बघून जेवायला हाक मारायची. इथून ती एवढीशी दिसायची. वाडी उठायच्या आधीच ती गेली. फोटोवाला तेव्हा मंचरला असायचा आणि मंचरला जायची तिला काही सवड झाली नाही.

"सगळ्या तालुक्याचे फोटो काढले राव मी. तिचा एक बी न्हाई."

भिंतीवरचा हार कोणाला घातलाय ते आत्ता कळत होतं. पण अशा वेळी माझ्या तोंडून भलतंच निघतं. मी म्हणालो, "भाऊ, मला मिशा आहेत."

"लांबून दिसत न्हाईत."

मी खाली उतरलो. उंबऱ्यावर उभा राहिलो, टॉवेल डोक्यावर घेतला. वरून सूचना सुरू झाल्या. "जरा डावीकडं. मान वर. टॉवेल सारखा करा. हसू नका, ती हसत नव्हती, हाक मारायची! हाक मारा!"

"काय म्हणून?"

"बारक्या म्हणायची मला."

मी तोंडाशी हात धरले आणि सगळा जीव एकवटून ओरडलो, "बारक्याऽऽ! जेवाया ये रंऽऽ!"

आवाज पाण्यावरून गेला आणि पलीकडच्या डोंगरावरून परत आला.

"आलो गं आयेऽऽ!"

आणि ते खरंच निघाले. कॅमेरा तिवईवर तसाच ठेवून, खांद्यावरची पिशवी सावरत साठीला आलेला तो माणूस उतारावरून धोंडे चुकवत धावत खाली आला. जोत्यापाशी थांबला. चपला बाहेर काढल्या, उंबरा ओलांडला आणि कोपऱ्यात त्या भेगाळलेल्या गाळावर मांडी घालून बसला.

मी टॉवेल डोक्यावरून काढला. "फोटो आला का?"

"बटण दाबायचं राहिलंच की," ते म्हणाले. त्यांच्या हातून क्षण सुटला होता आणि तोंड मात्र पडलेलं नव्हतं.

"मग वर जा परत," मी म्हणालो. "ऊन आहे अजून. मी पुन्हा हाक मारतो."

त्यांनी पिशवीतलं भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली.

"नको राव," ते म्हणाले. "जेवाया बसलेल्याला परत कुणी हाक मारतं व्हय?"