बारा डॉक्टर आणि वामेचा डबा

औषध कंपन्यांच्या प्रचाराचा डॉक्टरांवर परिणाम होतो काय, हे तपासण्यासाठी आमच्या इस्पितळाने एक समिती नेमली. समिती दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बसे. डबे आणण्याची जबाबदारी एका औषध कंपनीचे प्रतिनिधी हासेबे यांनी स्वखुशीने घेतली होती. मी इथला औषधविभाग सांभाळतो. समितीचा चिटणीस म्हणून मलाही डबा असे. भातावर खरपूस भाजलेली वाम मासळी. वाईट म्हणवत नाही.

समितीचं निमित्त तोकिवाआजी, वय एकोणऐंशी. त्यांचा रक्तदाब नऊ वर्षं एका साध्या पांढऱ्या गोळीवर सुतासारखा सरळ होता. वसंतात मुराकोशी डॉक्टरांनी त्यांना हासेबेंच्या कंपनीची नवी गुलाबी गोळी सुरू केली आणि आजींना चक्कर येऊ लागली. आपली पांढरी गोळी परत मिळावी, असा त्यांनी अर्ज केला.

"हासेबेंमुळे गोळी बदलली का?" मी मुराकोशींना विचारलं.

"छे हो. तो बिचारा दोन-दोन तास भिंतीपाशी उभा असतो, कमरेत वाकतो, म्हणून दोन शब्द ऐकतो इतकंच. औषध मी शास्त्र बघून देतो."

समितीने इस्पितळातल्या बाराही डॉक्टरांना फॉर्म दिले. प्रचाराचा तुमच्यावर परिणाम होतो का? बारा जणांनी लिहिलं, नाही. इतरांवर होतो का? बारा जणांनी लिहिलं, होतो, आणि उरलेल्या अकरा जणांची नावं दिली. काहींनी मुराकोशींच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

पहिलं उत्तर प्रत्येकाने स्वानुभवाने दिलेलं, सबब ग्राह्य. दुसरं ऐकीव, सबब बाद. निष्कर्ष : परिणाम शून्य. परिणाम शून्य, त्याअर्थी गुलाबी गोळी शास्त्रोक्त. गोळी शास्त्रोक्त, त्याअर्थी चक्कर हा स्वतंत्र आजार. त्यावर हासेबेंकडे पिवळी गोळी होतीच.

पिवळी सुरू झाल्यावर आठवड्याने आजी उंबऱ्यात पडल्या. मनगट प्लास्टरमध्ये घेऊन माझ्या खिडकीशी आल्या.

"अहो, तुम्ही तरी डॉक्टरांना सांगा. आज हात मोडला, उद्या कंबर मोडली की मी अंथरुणालाच खिळले."

"आजी, समितीचा अहवाल तयार आहे. आज सह्या व्हायच्यात."

"समितीला चक्कर येते का हो?"

औषधाबद्दल शंका आली तर डॉक्टरांना फोन करून विचारायचं, हे आम्हा औषधवाल्यांचं कामच आहे. मला शंका होती. फोन हाताशी होता. पांढरी गोळी मागच्या कपाटात होती.

पण गुरुवार होता आणि बारा वाजत आले होते. मी आजींच्या धडक्या हातात गुलाबी आणि पिवळी पाकिटं ठेवली, सावकाश जा म्हणालो आणि बैठकीला गेलो. सही करायची होती, डब्याचा काही संबंध नाही.

डब्यासाठीच गेला मेला, असं तुम्ही मनात म्हणालातच. माझ्या जागी तुम्ही असता तर आधी फोन केला असता, हेही म्हणालात.

ठीक आहे. दोन्ही उत्तरं मिळाली. तुमचाही फॉर्म मी बाकीच्या बारा फॉर्मांबरोबर लावून ठेवतो.