लटारूची उद्योगेच्छा

१९५४ च्या उन्हाळ्यात चांदा जिल्ह्यात एक समिती नेमण्यात आली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वतःचा धंदा काढावा असे कशामुळे वाटते, याचा तिने शोध घ्यायचा होता. मी तिचा चिटणीस. पाचही सदस्य पेन्शनर सरकारी नोकर असल्याने धंद्याविषयी कुणालाही काही ठाऊक नव्हते, म्हणजेच समिती निःपक्षपाती होती.

वरोऱ्याच्या विश्रामगृहात आम्ही सुटीवर आलेल्या चाळीस विद्यार्थ्यांना विचारले. एकोणचाळीस जणांनी कारकुनी मागितली. त्यांपैकी दोघांनी आमच्याच समितीत. चाळिसावा चिमूरकडचा लटारू.

"मले चारोळीचा धंदा करायचा हाय," तो म्हणाला.

अध्यक्षांचा चहा बशीत सांडला. उद्योगेच्छा सापडली होती!

लटारूचे म्हणणे सरळ होते. जंगलगावातले लोक चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळे वेचतात, बिया वाळवतात आणि व्यापाऱ्याला देऊन बदल्यात मीठ घेतात. त्याच बिया गावातच जात्यावर फोडून चारोळी नागपूरच्या हलवायांना विकली, तर वेचणाऱ्यांच्या हाती काही लागेल. त्याच्या ओळखीच्या चैतूने तर गावभरच्या बिया त्याच्यासाठी राखून ठेवल्या होत्या.

"पण आठ दिवसांत जातं मांडा लागते, साहेब. व्यापारी मीठ घेऊन आला का माल गेला."

"घाई नको," अध्यक्ष म्हणाले. "आम्हाला इच्छेचा अभ्यास करायचा आहे. तुम्ही धंदा सुरू केलात की इच्छा पूर्ण झाली, म्हणजे संपली. मग आम्ही तपासायचे काय?"

"म्हंजे धंदा करायचाच नाई?"

"करा की! इच्छा मोजून झाल्यावर करा."

लटारूला थांबणे भाग होते. माल जंगलाबाहेर काढायला पास लागायचा, आणि विद्यार्थ्याला पास हवा तर समितीचा दाखला जोडावा, असा नियम झाला होता. तो आदल्याच दिवशी आम्हीच सुचवला होता.

मग ऐंशी प्रश्नांचा फॉर्म आला. इच्छा कोणत्या तारखेस उत्पन्न झाली? त्या वेळी साक्षीदार कोण होते? ती उन्हाच्या झळीमुळे झालेली नाही, असा डॉक्टरचा दाखला मागवला. वडिलांची साक्ष काढली. रामाजी हात जोडून उभे राहिले.

"आमच्या घराण्यात कोनाले असं झालं नवतं, साहेब. कालिजात गेल्यावरच लागलं त्याले."

'आनुवंशिक नाही,' मी नोंदवले.

बाराव्या दिवशी चैतू स्वतः चालत आला. घामाघूम झालेला, पण ओट्यावर बसेना.

"बापू, व्यापाऱ्याले एक डाव वापस धाडलं. आता घरातलं मीठ सरलं. तुही वैनी सुकरी पोराईले अळणी आंबील पाजून राह्यली. गावातले लोक मले बोलतेत. काऊन थांबला तू?"

"दोन दिस, चैतूभाऊ. फक्त दोन दिस."

लटारूचा आवाज ऐकून मला वाईट वाटले. खरेच वाटले. पण वाईट वाटण्याचा रकाना फॉर्मात नव्हता, म्हणून 'पुरवठादारात धीर कमी' एवढेच लिहिले.

दोन दिवसांनी अध्यक्षांना सर्दी झाली आणि दाखल्यावरची सही राहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची मिठाची बैलबंडी पुन्हा गावात शिरली. लेकरे अळणी आंबील पीत असताना चैतूने आणखी कशाच्या भरवशावर थांबायचे? बिया गेल्या.

सही झालेला दाखला हातात देऊन आम्ही लटारूची इच्छा पुन्हा मोजली. ती शून्य भरली. 'या जिल्ह्याच्या हवेत उद्योगेच्छा टिकत नाही,' असा निष्कर्ष निघाला. वरच्या साहेबांना तो इतका आवडला की समितीला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. काम वाढले, कारकून हवा होता. अनुभवी उमेदवार जिल्ह्यात एकच होता.

लटारू आता आमच्याकडे फॉर्म लावतो. अक्षर सुरेख आहे. महिनाभरात त्याला तीन स्थळे सांगून आली. मुलीकडच्या मंडळींनी एकच चौकशी केली, "नोकरी पक्की हाय नं?"

वाचकहो, आम्हाला हसायचे ते हसा. मात्र नव्या फॉर्मातला एक प्रश्न खास सुशिक्षित गृहस्थांसाठी आहे: चारोळी फोडणाऱ्या लटारूला आपण आपली मुलगी दिली असती काय? आजवर आलेल्या सर्व फॉर्मांत ठसठशीत 'हो' आहे. नावापुढची जागा मात्र सर्वांनीच कोरी सोडली आहे.