रेमंड ओल्डरॉइड यांची कायमची जागा

रेमंड ओल्डरॉइड हे हॉक्सबी रोव्हर्स या फुटबॉल क्लबचे जन्मभराचे समर्थक होते, आणि वारल्यावरही त्यात खंड पडू नये अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार त्यांची राख मिल लेनच्या जुन्या मैदानात, उत्तरेकडच्या गोलमागे गवताखाली पुरण्यात आली. मैदान राखणाऱ्या माणसाने खुरप्याने खड्डा केला, टोपी काढली, दोन शब्द बोलला आणि पाऊस होता म्हणून टोपी लगेच घातली. त्याच दुपारी रोव्हर्स सडकून हरले. "त्याला सवय आहे," त्यांची बायको ग्लेनिस म्हणाली आणि तिने क्लबच्या मफलरला डोळे पुसले.

पुढे क्लबच्या मालकांना असं आढळून आलं की मिल लेनचं मैदान जुनं आहे. गावाला हे आधीपासून ठाऊक होतं, पण मालक नवे होते. मैदान विकलं गेलं, तिथे फ्लॅट उठू लागले, आणि गावाबाहेर, बस जिथून परत वळते त्याच्याही पलीकडे, स्नगवेल अरिना हे नवं स्टेडियम उभं राहिलं. स्नगवेल ही गाद्यांची कंपनी. गोलमागच्या गवताचा पट्टा मात्र मुळांसकट उचलून नव्या स्टेडियमात बसवला जाईल, असं क्लबने जाहीर केलं. "आपले दिवंगत समर्थक प्रत्येक सामन्याला आपल्यासोबत हजर असतील," असं त्या निवेदनाचं शेवटचं वाक्य होतं. ग्लेनिसबाई ते वाचून रडल्या. खरं तर त्यांनी ते नीट वाचायला हवं होतं.

पहिल्या सामन्याला त्या डेनिस क्रॅबट्रीबरोबर गेल्या. डेनिस हा रेमंडचा बस डेपोतला जोडीदार. मिल लेनवर दोघं आयुष्यभर एकाच कठड्याला टेकून उभे राहिले होते आणि तिथून त्यांनी लाइन्समनांच्या कैक पिढ्यांचा उद्धार केला होता. नव्या स्टेडियमात डेनिसला पायरीपासूनच काही पसंत पडेना.

"हे काय मैदान आहे का विमानतळ? आणि हा वास कसला?"

"लव्हेंडरचा," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "पाटी आहे ना तिथे. झोप चांगली लागते म्हणे."

"मिल लेनला मुतारीचा वास यायचा. आपण कुठे आलोय ते कळायचं तरी!"

खिमा भरलेला मीट पाय मागितला, तर सारण एका वाटीत आणि वरचं कवच वेगळं, दगडी पाटीच्या तुकड्यावर ठेवून आलं. ते एकत्र कसं करायचं हे समजावून सांगायला एक मुलगी होती. डेनिसने या क्लबचं तोंड पुन्हा पाहणार नाही अशी शपथ घेतली आणि वाटी आणि पाटी दोन्ही चाटूनपुसून साफ केल्या.

ग्लेनिसबाई फुलं घेऊन गोलमागे गेल्या. तिथे पिवळ्या जाकिटातल्या पहारेकऱ्याने त्यांना अडवलं.

"बाई, इथे कुठे?"

"नवऱ्याला भेटायला. त्या गवतात आहे तो."

पहारेकऱ्याने गवताकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. "तिकीट बघू."

"हे घे."

"तुमचं नाही. त्यांचं."

मग बिनतारी यंत्रावर बरीच कुजबुज झाली आणि समर्थक-अनुभव विभागाच्या प्रमुख इमोजेन फेनविक लगबगीने आल्या. वयाने लहान, बोलायला अत्यंत गोड.

"त्याचं असं आहे, ओल्डरॉइड बाई, आत हजर असलेल्या प्रत्येकाकडे तिकीट लागतं. सुरक्षेचा नियम आहे."

"अगं पोरी, तो मेलाय."

"मला खरंच फार वाईट वाटतं. पण ते प्रत्येक सामन्याला हजर असतील, असं क्लबने जाहीर केलंय. आता ते हजर नाहीत म्हटलं, तर आम्ही शोकाकुल कुटुंबांना खोटं सांगितलं असं होईल. तसं आम्ही कधीच करणार नाही."

"ग्लेनिसचं तिकीट आहे ना, तसल्या साध्या स्टँडात धरा त्याला," डेनिस मध्ये पडला.

"कसं धरणार? ते गोलरेषेपासून हातभर अंतरावर आहेत. ती आमची सर्वात वरची श्रेणी, प्लॅटिनम. सामन्याआधीचं जेवण त्यातच येतं."

"तो जेवणार नाही," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"त्या श्रेणीतले बरेच जण जेवत नाहीत."

"मग त्याला काढा बाहेर. माझ्या ताब्यात द्या. घरी नेते मी."

इमोजेनबाईंनी हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं. "समर्थकाला बाहेर काढायचं तर त्याचं गैरवर्तन लागतं. आणि ओल्डरॉइड साहेबांचं वर्तन अगदी आदर्श आहे."

"आणि मी पैसे भरलेच नाहीत तर?"

"मग ते थकबाकीदार. थकबाकी फिटेपर्यंत त्यांना आमच्या गोदामात ठेवावं लागेल. रेषा आखायच्या रंगाचे डबे असतात ना, तिथे. जागा कोरडी आहे."

रेमंडला दमट सोसायचं नाही हे खरं होतं, पण रंगाच्या डब्यांशेजारी नवरा ठेवायला बाईंचं मन होईना. त्यांनी आपलं स्वतःचं सीझन तिकीट परत केलं, पेन्शनमधून रेमंडचं सुरू केलं, आणि अशा रीतीने वारलेले ओल्डरॉइड आत आणि हयात ओल्डरॉइड बाहेर अशी व्यवस्था लागली.

तेव्हापासून सामन्याच्या दिवशी ग्लेनिसबाई गाड्या लावायच्या जागेत, तारेच्या कुंपणाला पाठ लावून, घडीच्या खुर्चीवर थर्मास घेऊन बसू लागल्या. मिल लेनला गोल झाला की त्यांना स्वयंपाकघरात कळायचं, कपाटातल्या बशा हलायच्या. इथे भिंतीला कान लावला तरी काही कळेना. शेवटी डेनिसला फोन करावा लागे.

"झाला का रे गोल?"

"झाला की."

"कधी?"

"मघाशीच."

"मला काही ऐकू नाही आलं."

"आम्हाला तरी कुठे आलं!" डेनिस दबक्या आवाजात म्हणे. "उभं राहिलं की खुर्चीत घंटा वाजते आणि पिवळं जाकीट येतं. मोठ्याने ओरडलं तर शेजारचा वर तक्रार करतो. मेलेला बरा, ग्लेनिस. पुढच्या वेळी मी यायचाच नाही." पुढच्या वेळी तो जरा लवकरच यायचा, कारण उशिरा येणाऱ्याचे निष्ठेचे गुण कापले जात.

निष्ठेच्या गुणांची बेरीज मोसमाच्या शेवटी झाली आणि रेमंड ओल्डरॉइड यांना वर्षाचे सर्वोत्तम समर्थक म्हणून निवडण्यात आलं. निवड निर्विवाद होती. ते एकाही सामन्याला गैरहजर नव्हते. सामना संपण्याआधी उठून गेले नव्हते, उभे राहिले नव्हते, अपशब्द वापरला नव्हता. समाधानाच्या सर्वेक्षणात त्यांनी कशावरही नाराजी नोंदवली नव्हती, आणि न दिलेलं उत्तर म्हणजे पूर्ण समाधान अशी पद्धत असल्यामुळे ते क्लबमधले सर्वात समाधानी गृहस्थ ठरले. बक्षीस होतं सोनेरी मखमलीची उशी. ती स्वीकारायला ग्लेनिसबाईंना ओल्डरॉइड साहेबांच्या पाहुण्या म्हणून आत सोडण्यात आलं.

स्टेडियम भरलेलं होतं. मैदानाच्या मधोमध इमोजेनबाईंनी त्यांच्या हातात माईक दिला आणि कानात सांगितलं, "दोनच वाक्यं. आवाज जरा भरून आला तर उत्तम."

ग्लेनिसबाईंनी चहूकडे पाहिलं. वर्षभरानंतर त्या पहिल्यांदाच आत आल्या होत्या. गोलमागच्या हिरव्या पट्ट्याकडे पाहून त्यांचा आवाज खरोखरच भरून आला, पण तो रागाने.

"माझा रेमंड सभ्य नव्हता हो," त्या म्हणाल्या. "लाइन्समनला त्याने गरम मीट पाय फेकून मारलाय. हाकलला की मागच्या भिंतीवरून परत यायचा. आधीच्या मालकांना तो तोंडावर चोर म्हणाला होता. आत्ताच्यांना म्हणायला बिचारा राहिला नाही. तर त्याच्या वतीने मी म्हणते. चोर आहात! मेलेल्या माणसाकडून जेवणाचे पैसे घेता, आणि जिवंत माणसांना झोपवून ठेवता!"

सगळीकडे शांतता पसरली. अर्थात ती आधीपासूनच होती. मग मोठ्या पडद्यावर ठरल्याप्रमाणे 'टाळ्या' ही अक्षरं आली आणि सबंध स्टेडियमने बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

"अरे, उभे तरी राहा!" बाई ओरडल्या.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. काही जण कोण उठतंय हे बघायला अर्धवट उठले, आणि कुणीच उठत नाही असं दिसल्यावर बसले. बाईंनी डेनिसला शोधलं. तो मोबाइल वर धरून त्यांचं चित्रीकरण करत होता.

मात्र नियमांपुढे इमोजेनबाईंचाही इलाज नव्हता. पाहुण्याचं गैरवर्तन तिकीटधारकाच्या नावावर लागतं. रेमंड ओल्डरॉइड यांना तात्काळ हद्दपार करून आजन्म बंदी घालण्यात आली.

"आजन्म?" ग्लेनिसबाईंनी विचारलं.

"नियमात तेवढाच शब्द आहे," इमोजेनबाई दिलगिरीने म्हणाल्या.

दोन पिवळ्या जाकिटांनी गवताचा तो तुकडा मातीसकट खोक्यात भरला आणि दारापर्यंत आणला. त्यातल्या एकाने कार्यपद्धतीप्रमाणे खोक्याला विचारलं, "मुकाट्याने जाणार ना?" ग्लेनिसबाईंनी खोकं मांडीवर घेतलं आणि बसमध्ये बसल्यावर इतक्या हसल्या की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

रविवारी गावच्या मोकळ्या मैदानात डेपोच्या आणि खाटकांच्या पोरांचा सामना होता. तिथल्या गोलला जाळीही नव्हती. बाईंनी त्याच्यामागे खोकं रिकामं केलं, पायाने माती सारखी केली आणि सामना बघायला उभ्या राहिल्या. डेनिसही आला होता, बसायला उशी घेऊन.

"छान बोललीस हं त्या दिवशी," तो म्हणाला. "नावच नको त्या क्लबचं. वीट आलाय."

"म्हणजे पुढच्या मोसमाचं तिकीट नाही घेतलंस?"

"घेतलं. ते वेगळं." त्याने बुडाखालची उशी सरकवली. "आणि रेमंडची ती जागा मोकळी झाली होती ना..."

"डेनिस!"

"आगाऊ नोंदणी फक्त! आज ना उद्या लागणारच आहे. गोल अगदी समोर गं. केवढी रांग होती म्हणून सांगू, पार बसथांब्यापर्यंत. जो तो मालकांना शिव्या घालत होता, पण नंबर कुणी सोडला नाही." मग तो खासगीत सांगावं तसा वाकून म्हणाला, "आत्तापासून गप्प बसायची सवय दाखवली तर सवलत आहे."

तेवढ्यात खाटकांच्या पोरांनी गोल केला. सरळसरळ ऑफसाइड होता. ग्लेनिसबाई हात उंचावून रेफरीवर अशा तुटून पडल्या की पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले.

ऑफसाइड डेनिसलाही दिसला होता. त्याने दम भरून तोंड उघडलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पाहणारं कुणीच नव्हतं. तरी त्याने तोंड हळूच मिटलं.