मालतीकाकूंची तपासणी

मी पदवीधर झालो तो मालतीकाकूंमुळे. आमच्या घरात त्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. सायखेड्याहून नाशिकला खोली घेऊन राहिलो, तेव्हा शेजारच्या ह्या काकूंनी मला अभ्यासाला आपली उत्तरेकडची गॅलरी दिली. तिथे त्यांची अँथुरियमची झाडं असत, मेणाची वाटावीत अशा लाल, चकचकीत फुलांची.

"तुम्हा दोघांना एकच लागतं," काकू म्हणाल्या. "उजेड हवा, ऊन नको."

मे महिन्यात संध्याकाळचं तिरपं ऊन गॅलरीत शिरलं की काकू छत्री उघडून उभ्या राहत. छत्री झाडांवर, काकू उन्हात.

एकदा माझे वडील, आबा, आले. त्यांचं आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. कुंड्या पाहून म्हणाले, "बाई, जरा ऊन दाखवा की ह्यान्ला. उन्हाबिगर गोडी उतरत नाय."

"आबा, खायची नाहीत हो ही!"

"मंग येवढे लाड कशापायी?"

काकूंनी छत्री आबांच्या डोक्यावर धरली. "आता कसं वाटतंय?"

आबा छत्रीखालून हलले नाहीत.

झाडाला बाजूने पिल्लू फुटलं की काकू ते नारळाच्या सालींत लावून कुणाला तरी देत. अट एकच: "मी तपासणीला येणार." आणि येतच. कुंडीत बोट खुपसून "पाणी फार घालता!" म्हणून यजमानीणबाईंना झापत, पानं पुसत, मग चहा घेऊन दिवेलागणीपर्यंत बसत. "इन्स्पेक्टर आल्या," लोक म्हणत. मीही हसायचो. लग्नानंतर मलाही एक कुंडी मिळाली, अर्थात तपासणीसकट.

यंदा गुडघ्याने दगा दिला आणि काकूंचं बाहेर पडणं थांबलं. काका कधीच गेले, मुलगा परदेशात. मी भेटायला गेलो. त्यांनी कुणाच्याही झाडाची चौकशी केली नाही. कुणाची नात चालायला लागली, कुणाचं ऑपरेशन कसं झालं, एवढंच विचारत राहिल्या. मी उठलो तर म्हणाल्या, "चहा परत टाकू का?"

फोनवर त्या "बरी आहे" म्हणून ठेवून देतात. म्हणून पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

झाड उत्तम आहे, खोटं सांगून बोलवत नाही. आमचं घर तळमजल्यावर आहे, तुम्हाला चढावं लागणार नाही. रविवारी गाडी घेऊन येतो. चार दिवसांचे कपडे भरून ठेवा. आई म्हणते, महिन्याचे भरा.

काकू, तपासायला काही नसलं तरी या.

तुमचा,
गणेश"