एकही भोक नसलेली गाडी

जगातली कुठलीही वस्तू मी दुरुस्त करू शकते! हसू नका. गेल्या वर्षी मी अख्ख्या वर्गासमोर उभी राहून न अडखळता सलग दहा मिनिटं बोलले, आणि तेव्हाच मला कळलं की आपल्याला काहीही जमतं. बाकीचे लोक उगाच शिकत बसतात.

म्हणून बाबांची जुनी पिकअप मी आपणहून अंगावर घेतली.

ही पिकअप म्हणजे बाबांचं पहिलं प्रेम. (दुसरं आई. हे आईच सांगते.) बाबा सुतार. लग्नाच्याही आधीपासून कपाटं, पलंग, दारं, सगळं हिच्याच हौद्यातून पोचवलेलं. पण गेली सहा वर्षं ती परसात उभी होती, आणि गंजली होती इतकी, की शेजारची मांजर तळातून आत शिरायची आणि छपरातून बाहेर यायची! आई तिला ‘टमरेल’ म्हणायची.

आईचा राग तसा रास्त होता. आई नर्स. तिचा युनिफॉर्म बगळ्यानं लाजावं असा पांढरा. सहा वर्षांपूर्वी बाबा तिला टमरेलातून ड्युटीला सोडायला निघाले, वाटेत एक डबकं आलं, आणि पायाखालच्या भोकातून चिखलाचं जे कारंजं उडालं ते थेट आईच्या टोपीपर्यंत! त्या दिवसापासून टमरेल परसात.

आता तर आईनं भंगारवाल्यालाच निरोप धाडला. त्या दिवशी आमटीत मीठच नव्हतं आणि बाबांना ते कळलंच नाही. आमच्या बाबांचं दुःख असंच असतं.

“आई, एक संधी दे!” मी म्हटलं. “मी आणि बाबा तिला अशी करू, की तू रोज तिच्यातून ड्युटीला जाशील. सोफ्यावर बसल्यासारखी!”

आईनं चष्म्यावरून पाहिलं. “एक महिना. महिन्यानंतरच्या सोमवारी मी कोरडी ठणठणीत दवाखान्यात पोचले, तर टमरेल राहील. अंगावर एक थेंब जरी उडाला, तर संध्याकाळी भंगारवाला.”

“मंजूर!” बाबांना न विचारताच मी सांगून टाकलं.

इंजिन बाबांनी आणि मिस्तरीकाकांनी पाहायचं ठरलं. मिस्तरीकाका चौथ्या घरात राहतात. चाळीस वर्षं गॅरेज चालवून आता त्यांनी हात धुतलेत, पण नखं अजून काळीच आहेत. पत्रा आणि आराम हे खातं माझं! सीटमधून स्प्रिंगा उगवल्या होत्या, त्या मी पाहुण्यांच्या गादीखाली गाडल्या. म्हणजे गादी कापली. (पाहुण्यांना अजून सांगितलेलं नाही.) पायाखाली जाड गालिचा अंथरला. आणि मग भोकं!

“पोरी, सगळीच भोकं गंजाची नसतात हं,” काका बॉनेटमधून ओरडले. “बुजवण्याआधी मला दाखव.”

“हो काका!” मी म्हटलं, आणि एकही दाखवलं नाही. भोकात काय दाखवायचं?

मी सुटलेच! दिसलं भोक की लाव जाळी, थाप लांबी, घास पॉलिश पेपर! लांबीचे, म्हणजे त्या भोकं बुजवायच्या लगद्याचे, डबे असे संपत होते जसे आमच्या घरी लाडू. दारांच्या खालच्या कडेला एका ओळीत छान गोल गोल भोकं होती. गंजसुद्धा किती नीटनेटका, असं कौतुक करत मी तीही बुजवली. समोरच्या काचेखाली हवा यायची जाळी होती, तिच्या दोन टोकांना खाली एकेक भोक. बुजवलं! रंग मारल्यावर टमरेल असं दिसायला लागलं, की मांजर दोनदा चक्कर मारून हिरमुसून निघून गेली.

रविवारी मी नळीनं टमरेल धुतलं. एकदा नाही, तीनदा! एवढं पाणी जातंय कुठं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. उलट वाटलं, वा, परसात चिखलसुद्धा झाला नाही!

सोमवार उजाडला. बाबांनी किल्ली फिरवली आणि टमरेल मांजरासारखं गुरगुरलं. बाबा चालवायला, मी मध्ये, कडेला आई. मांडीवर डबा आणि पर्स.

“अगं बाई!” कोपऱ्यावर आई म्हणाली. “दचका म्हणून लागत नाही की!”

बाबांचे कान आनंदानं लाल झाले. तेवढ्यात... गुडुप. गुडुप.

“अहो, पोटात काय चाललंय तुमच्या?”

“माझ्या? मला वाटलं तुझ्या!”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“आरामाचा आवाज आहे तो!” मी ठणकावून सांगितलं. बाबांनी ब्रेक दाबला की आराम पुढं पळायचा, वेग घेतला की मागं. पण आई हसत होती! तिनं डॅशबोर्डवर हात फिरवला, अगदी मायेनं. समोर दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं. जिंकलो!

“जरा उकडतंय मात्र,” आई म्हणाली.

“मग समोरची ती हवेच्या झडपेची दांडी ओढ ना! थेट गार वारा!” हे कोण म्हणालं? मीच!

आईनं दांडी ओढली.

वारा आला नाही. रविवार आला. अख्खा रविवार! तिन्ही धुण्यांचं पाणी काचेखालून आईच्या मांडीत कोसळलं. बाबांनी दचकून करकचून ब्रेक दाबला, तशी दोन्ही दारं आतून फुसफुसली आणि काचेच्या हॅण्डलापाशी पिचकाऱ्या उडाल्या. पाहुण्यांची गादी पोटभर पाणी प्याली आणि आई बसल्या जागी हळूहळू खाली जाऊ लागली. तळाला तर एकही भोक नाही! आईचा डबा माझ्या पायांमधून डौलात तरंगत बाबांकडे गेला.

फाटकावरचा वॉचमन चाकाची खुर्ची घेऊन धावत आला. “बसा सिस्टर, घाबरू नका, डॉक्टरांना बोलावतो!”

“मी ड्युटीवर आलेय!” आई निथळत म्हणाली. आमच्याकडे न बघता आत गेली.

संध्याकाळी भंगारवाला दारात हजर. बाबा स्वतःच्या रुमालानं टमरेलाचा आरसा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काका गाडीखालून बाहेर आले.

“दाखवली नाहीस ना? अगं, ती भोकं कारखान्यातूनच पाडून येतात! आत गेलेलं पाणी जाणार कुठून?”

भंगारवाल्यानं दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि दाराला लावलं. टप्प! खाली पडलं. मडगार्डला लावलं. टप्प! बॉनेटची कड, टप्प! त्यानं पत्र्यावर टिचकी मारली, कान लावला.

“ताई, यात लोखंड कुठंय? सगळी लांबीच आहे! लांबी मी घेत नाही.” मग जरा विचार करून, “इंजिन तेवढं काढून देता का?”

“नाही!” बाबा ओरडले. बाबा! आयुष्यात पहिल्यांदा!

भंगारवाला मान हलवत निघून गेला. आई कंबरेवर हात ठेवून टमरेलाकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती!

“भंगारातसुद्धा कुणी घेईना, अशी करून ठेवलीस गं गाडी! राहू दे आता. पण आधी भोकं पाड!”

काकांनी खडूनं आठ खुणा केल्या, मी आठ भोकं पाडली. (या वेळी प्रत्येक दाखवून.) आता आई रोज टमरेलातूनच ड्युटीला जाते. कोरडी ठणठणीत, सोफ्यावर बसल्यासारखी. फक्त ती दांडी ओढण्याआधी गाडीत छत्री उघडते.

“आई, आता काही गरज नाही त्याची!” मी रोज सांगते. “मी स्वतः दुरुस्त केलंय!”

“म्हणूनच,” आई म्हणते.