वर्णन अंशतः जुळते

पावतीकाकांना मफलर हवा होता. कपाटाच्या वरच्या खणात हात घालून, मफलर समजून त्यांनी जे ओढलं ते निघालं उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधलेलं जडसर गाठोडं. गाठ बायकोची होती. ती गाठ अशी मारायची की चोरानेही कंटाळून मुद्देमाल परत आणून द्यावा. तिला जाऊन आता दोनेक वर्षं झाली होती, पण गाठीचा हट्ट तसाच होता. कात्री समोर होती, तरी ती गाठ कापायला काकांचा हात होईना. त्यांनी नखं वापरली, चमचा वापरला आणि शेवटी उरलेले दात वापरले.

आत एक लाकडी वस्तू होती. वीतभर लांब, कातीव, खाली निमुळती होत गेलेली आणि तिथे पितळेचं कडं बसवलेली. वरच्या टोकाला लाकडाचाच आटे पाडलेला खुंट. लाकूड काळसर, हात फिरवावासा वाटेल इतकं गुळगुळीत. ही वस्तू घरात जपून ठेवलेली, पिढीजात आणि महत्त्वाची होती, हे स्पष्ट दिसत होतं. फक्त ती काय होती ते कळत नव्हतं.

काकांची सगळी नोकरी बसडेपोच्या 'हरवले-सापडले' खिडकीत गेली होती. छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर गाडीत विसरलेला जिवंत बोकडसुद्धा त्यांनी नोंदवून घेतला होता आणि प्रत्येक वस्तूची पावती फाडली होती. पाहुण्याने दारात चप्पल काढली तरी हे पावती देतील, असं सहकारी म्हणायचे आणि नाव तेच पडलं. अशा माणसाला स्वतःच्या कपाटातली वस्तू ओळखू येईना. बायको असती तर म्हणाली असती, "अहो, एवढंही कळत नाही?" आणि मग सांगितलं असतं. त्या क्षणी काकांना वस्तूचं नाव कळण्यापेक्षा ते 'अहो' ऐकायची जास्त गरज होती.

रविवार असल्यामुळे दुसऱ्या शहरातल्या मुलीचा फोन आला. "बाबा, जेवलात? गोळी घेतलीत? बाकी सगळं ठीक ना?"

"ठीक. अगं, कपाटात एक वस्तू सापडलीय..."

"अरे वा. ठेवा जपून. आम्ही जरा बाहेर निघालोय, ठेवते हं."

मग काकांनी रीतसर चौकशी सुरू केली. खिडकीतला नियम साधा होता. वस्तू दाखवायची नाही, काय आहे ते सांगायचं नाही; आधी मालकाने वर्णन करायचं. खिडकीत हा नियम उत्तम चालायचा. नातेवाइकांवर तो कधी वापरून पाहिलेला नव्हता.

त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. "ताई, आपल्या घरची एखादी जुनी वस्तू माझ्याकडे राहिलीय असं तुला वाटतं का?"

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग ताई म्हणाली, "आईचा चांदीचा पेला. इतकी वर्षं मी तोंडातून शब्द काढला नाही."

"वर्णन सांग."

"पेल्याचं काय डोंबल वर्णन सांगू? पेल्यासारखा पेला."

"वर्णन जुळत नाही."

"म्हणजे दुसरंच काहीतरी आहे तर. काय आहे?"

"ते मी सांगायचं नसतं."

"बाळ्या, मी उद्या येतेय," असं म्हणून ताईने फोन ठेवला.

अभ्रा बायकोच्या माहेरचा वाटत होता, म्हणून न्यायाला धरून काकांनी मेहुण्यालाही विचारलं. मेहुणा सडाफटिंग. हल्लीच निवृत्त झालेला आणि फोन पहिल्या घंटीला उचलणारा.

"वडिलांची दुर्बीण," तो ताबडतोब म्हणाला. "लांबट होती. पितळेचं कडं होतं तिला."

काका दचकले. "वर्णन अंशतः जुळते," त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"अंशतः म्हणजे किती, भाऊजी? जाऊ दे, मी येऊनच बघतो."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्ष बॅगांसह हजर झाले. पलंग ताईला मिळाला. मेहुण्याची गादी बाहेर, दिवाणखान्यातल्या कपाटासमोर जमिनीवर पडली. कपाट जरा कललेलं होतं आणि त्याचं दार आपोआप उघडायचं. मेहुण्याने त्याला आपली बॅग टेकवून ठेवली.

काकांनी टेबलावर पांढरा टॉवेल पसरून वस्तू मांडली. ताईने चष्मा लावला, वस्तू उलटी केली, सुलटी केली, बराच वेळ नुसती धरून बसली.

"हे असं एका बैठकीत कळायचं नाही," ती म्हणाली. "चार दिवस राहावं लागेल."

"पेला तर नाही ना हा?" मेहुणा म्हणाला. "ही दुर्बिणीची मूठ आहे. अक्काने नेली असणार."

"तुमच्या अक्काने दुर्बीण सोडून मूठ कशाला नेली असेल?"

"कुणी सांगावं? लहानपणापासून तिला अर्धवट वस्तू जमवायची सवयच होती."

"हो, नवराही तसाच जमवला," ताई म्हणाली आणि भांडणाला तोंड फुटलं.

त्या आवाजाची तक्रार करायला वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर खाली आले. काकांच्या बायकोच्या अंत्यविधीनंतर त्यांनी या दारात पाऊल टाकलं नव्हतं. काय बोलावं हे न सुचल्यामुळे ते जिन्यात काकांना टाळायचे. आता बोलायला विषय मिळाला. त्यांनी घरून भिंग आणलं आणि ही एखाद्या मोठ्या तंतुवाद्याची खुंटी आहे, असा निर्वाळा दिला. त्यांचा विषय वनस्पतिशास्त्र होता, त्यामुळे लाकडापुरतं तरी कुणाला बोलता येईना. मग ते रोज चहाच्या वेळी नवं मत घेऊन यायला लागले.

आत्या आणि मामा आपापली कैफियत मुलीकडे मांडायला लागले, तसे तिचे फोन रविवारवरून रोजवर आले. "बाबा, कॅमेऱ्यासमोर धरा. अजून वर. आत्या काय म्हणतेय? मामाला म्हणावं, ओरडू नकोस." काका वस्तू धरून उभे राहत आणि हात भरून आला तरी खाली घेत नसत.

घराची रया गेली. न्हाणीघरापुढे रांग लागायची. चहात साखर किती, यावर एकमत होईना. "हे घर आहे की धर्मशाळा?" असं काका दिवसातून दोनदा म्हणत आणि मेहुण्याच्या घोरण्याच्या आवाजात इतके गाढ झोपत की सकाळी ताईला हलवून उठवावं लागे.

अशाच एका सकाळी मेहुणा अंघोळीला गेलेला असताना काकांच्या हातून रक्तदाबाची गोळी निसटली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. ती काढायला काका गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर, मग गाल फरशीला टेकवून त्यांनी बॅटरीचा झोत आत टाकला. कपाटाला तीन पाय होते. चौथ्याच्या जागी वीट होती. तिन्ही पायांवर काकांनीच कधीकाळी फासलेला हिरवा रंग होता. एका पायावरचा पोपडा उडाला होता आणि त्याखालून पितळेचं कडं चमकत होतं.

काका तसेच पडून राहिले. "अहो, त्या कपाटाचा पाय बसवून घ्या ना," असं बायको म्हणायची. "रविवारी बघू," असं ते म्हणायचे. रविवार येत गेले, विटेची सवय झाली, मग ती दिसेनाशीच झाली. बायकोने कधीतरी म्हणणं सोडून दिलं. पाय मात्र स्वच्छ पुसून, अभ्र्यात गुंडाळून, पक्की गाठ मारून ठेवला. हा माणूस आज ना उद्या बसवील याची तिला खात्री असावी. काकांचे डोळे भरून आले. फरशीवर आडवं पडून रडणं त्यांना जमेना, म्हणून ते उठून बसले.

"भाऊजी, सापडलं का काही?" न्हाणीघराच्या दारातून मेहुण्याने विचारलं.

"गोळी," काका म्हणाले. "नुसती गोळी."

त्या खिडकीत त्यांनी ओळख पटलेली वस्तू एक तासही दाबून ठेवली नव्हती. आता त्यांनी ठेवली. कपाटाचा पाय म्हटल्यावर मेहुणा दुपारची गाडी पकडणार, ताई संध्याकाळची, प्रोफेसर जिन्यात पुन्हा खाली मान घालून जाणार आणि मुलगी विचारणार, "जेवलात? ठेवते हं." म्हणून चहाच्या वेळी मेहुणा बॅग उचलत "निघावं म्हणतो आता" असं पुटपुटला, तेव्हा काका घाईने म्हणाले, "दुर्बिणीची शक्यता अजून फेटाळलेली नाही." मेहुण्याने लगेच बॅग पुन्हा कपाटाच्या दाराला टेकवली.

इतकं निभावलं असतं. पण संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, रजा टाकलीय. उद्या येते. ती वस्तू मला प्रत्यक्ष हातात घेऊन बघायचीय."

काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. पोरगी कपाटाच्या एका पायासाठी रजा टाकून येणार होती आणि तिची नजर आईची होती. दारात पाऊल टाकताच तिला वीट दिसली असती. शेवटी ते ताईपाशी जाऊन उभे राहिले. ती मुलीसाठी गादीवर चादर घालत होती.

"ताई, तुला एक सांगायचंय. ती वस्तू..."

"ते राहू दे," चादरीचं टोक खोचत ताई म्हणाली. "पोरगी यायच्या आत ती वीट जरा आत सरकव. बाहेरून दिसते."

"तुला कधी कळलं?"

"कळायचंय काय त्यात? या घरात सामान आणलं त्या दिवशी पाय निखळला. तू ड्युटीवर होतास. ती वीट तुझ्या बायकोने आणि मीच लावली."

"मग पहिल्याच दिवशी बोलली का नाहीस?"

ताईने चादरीवरची नसलेली सुरकुती काढली. "आमच्याकडे सगळे फार चांगले आहेत रे. मी काहीही म्हटलं की हो म्हणतात आणि आपापल्या खोलीत जातात. भांडायला कुणी नाही." मग तिने काकांना हाताने ढकललं. "जा, वीट सरकव."

काका कपाटापाशी आले. मेहुणा गादीवर आडवा होऊन वर्तमानपत्र वाचत होता. काका हळूच वाकले. वीट आधीच, कपाट कलंडणार नाही इतपत आत सरकवलेली होती आणि पुढून दिसू नये म्हणून तिच्यासमोर मेहुण्याच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

वर्तमानपत्र जरासुद्धा हललं नाही.

"भाऊजी," त्यामागून मेहुणा म्हणाला, "मी रोज इथेच झोपतो, तेव्हा विचार करायला भरपूर वेळ मिळतो. दुर्बीणच असणार हो ती."

काकांनी चपला आणखी थोड्या जुळवून ठेवल्या. "अंशतः," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.