बत्तीस किलो जास्त

"तीन हजार पाचशे बत्तीस," स्रेतेन म्हणाला आणि त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "बत्तीस किलो जास्त होतंय. गाडी चढणार नाही."

देसांकाने ट्रकच्या खिडकीतून मान बाहेर काढली. टिसा नदीच्या पलीकडे तिच्या भावाचा, ओब्रादचा, हार्वेस्टर टाकीत थेंब नसल्याने शेतात उभा होता. वीस एकर गहू कापायचा राहिला होता आणि पश्चिमेला गारांचा ढग जमत होता. रेडिओने दुपारनंतरचा इशारा दिला होता. आता साडेदहा झाले होते. पूल दुरुस्तीसाठी जूनपासून बंद होता, म्हणजे स्रेतेनच्या तराफ्याशिवाय वाट नव्हती. ट्रकवर लोखंडी पिंजऱ्यातली प्लास्टिकची टाकी होती आणि तिच्यात बरोबर एक हजार लिटर डिझेल.

"बत्तीस कुठून आणले, काका?"

"गाडी चोवीसशे, कागदावर आहे. रिकामी टाकी साठ. तू बहात्तर."

"अडुसष्ट!"

"एप्रिलमध्ये धान्याच्या काट्यावर उभी राहिली होतीस, मी बघितलंय. बहात्तर. आणि डिझेल हजार."

"हजार लिटर! किलो नव्हे!"

"एक लिटर, एक किलो. पाणी घे, दूध घे."

"डिझेल पाण्यावर तरंगतं! तुमच्याच तराफ्याभोवती रोज तरंगत असतं!"

"तो त्याचा स्वभाव," स्रेतेन म्हणाला.

तराफ्यावर पाटी होती: जास्तीत जास्त ३५०० किलो. मागच्या महिन्यात निरीक्षकाने ती स्वतः ठोकली होती आणि पुढची चूक झाली तर परवाना जाईल, असे स्रेतेनला बजावले होते. तेव्हापासून स्रेतेन प्रत्येक गाडीचा हिशोब सिगारेटच्या पाकिटावर करत असे.

"लिटरला आठशे चाळीस ग्रॅम," देसांका खाली उतरली. तिने ट्रकचे दार इतक्या जोरात आपटले की आरसा वाकडा झाला. "हजार लिटरला आठशे चाळीस किलो. सगळं मिळून तेहतीसशे बहात्तर. तुमच्या पाटीपेक्षा एकशे अठ्ठावीस कमी!"

"मग भांडतेस कशाला? बत्तीस किलो काढून ठेव इथे."

"बत्तीस किलो म्हणजे किती लिटर?"

"बत्तीस."

"अडतीस!"

"बघ. तुझ्या हिशोबाने तर जास्तच काढावं लागतंय."

"माझ्या हिशोबाने एक थेंब काढावा लागत नाही!" देसांकाचा आवाज आता पलीकडच्या काठावरून परत येऊ लागला. "मीच इथे थांबते. झाले बहात्तर कमी!"

"चालकाने गाडीबरोबरच राहायचं. नियम आहे."

तराफा ढकलणाऱ्या छोट्या बोटीचे इंजिन एवढा वेळ धडधडत होते. त्याचा स्टार्टर झिजलेला होता. म्हणून स्रेतेन सकाळी एकदा ते सुरू करी आणि संध्याकाळपर्यंत बंद करत नसे.

ओब्रादचा फोन आला. "कुठे मेलीस?"

"स्रेतेनकाकांना गणित शिकवतेय."

"सोड ते. व्लादेता सरांनासुद्धा जमलं नाही."

व्लादेता सर तीस पावलांवर गळ टाकून बसले होते. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती. भांडणाने मासे पळाले होते, त्यामुळे तेही चिडूनच उठले.

"स्रेतेन, सातवीत तुला पाचांपैकी दोन दिले होते मी. तेही दयेने."

"सर, तुम्ही मासे पकडा."

"मुलगी बरोबर सांगतेय. शिवाय तिचा आठशे चाळीसचा आकडा पंधरा अंश तापमानाचा. आज छत्तीस आहे. उन्हाने डिझेल फुगतं, लिटरचं वजन आणखी उतरतं."

"म्हणजे गाडी उन्हात उभी केली की हलकी होते? सर, टोपी घाला."

टाकीतले डिझेल कितीही फुगले तरी त्याचे वजन तेवढेच राहते. एवढ्यापुरते स्रेतेनचे बरोबर होते, म्हणून सर जास्तच भडकले.

"तुझी रकियाची नळी आण!"

स्रेतेन जर्दाळूची दारू, रकिया, गाळत असे आणि तिचा कडकपणा बापाच्या वेळच्या काचेच्या तरंगत्या नळीने मोजत असे. कागदांवर, निरीक्षकांवर आणि बायकोवर त्याचा विश्वास नव्हता. या नळीवर होता.

"डिझेलमध्ये? बापाची नळी? सणाला पाहुण्यांना ट्रॅक्टरचा वास येईल!"

"घाबरलास," देसांका म्हणाली.

यावर तो नळी आणायला काठावरच्या आपल्या खोपटात गेला. येताना त्याने लाकडी डबी दोन्ही हातांत धरली होती. उंच भांड्यात डिझेल ओतले गेले. त्याने नळी आत सोडली. ती बुडत गेली आणि वरच्या टोकाजवळच्या आकड्यावर थांबली.

"नव्वद," स्रेतेनचा आवाज बसला. "बापाने पंच्याहत्तरच्या वर कधी काढली नाही."

"आता डबीतला कागद काढ," सर म्हणाले. "मागची बाजू. नव्वदच्या पुढे काय लिहिलंय?"

चाळीस वर्षांत त्या कागदाची मागची बाजू कोणी पाहिली नव्हती. स्रेतेनने ओळ बोटाने दोनदा वाचली. "लिटरला आठशे एकोणतीस ग्रॅम."

"नव्वदच्या रकियात जेवढी बुडते तेवढीच यात बुडाली. मग डिझेलच्या लिटरचं वजनही तेवढंच. आठशे चाळीसपेक्षाही कमी."

"म्हणजे रकियाचा लिटरसुद्धा किलो नाही?"

"कधीच नव्हता."

स्रेतेनने नळी शर्टाला पुसली, वास घेतला, तोंड वाकडे केले आणि तराफ्याच्या तोंडाशी लावलेली साखळी काढली. "चढव."

त्याच क्षणी धडधड थांबली.

ओब्रादचा गहू त्या दिवशी वाचला. गारा पावणेचारला आल्या, तोवर शेवटची रांग कापून झाली होती. पण ते नंतरचे. बारा वाजून दहा मिनिटांनी परिस्थिती अशी होती की ट्रक तराफ्यावर, ढग नदीपलीकडच्या झाडांवर आणि बोटीची टाकी कोरडी. एका जागी उभे राहून इंजिनाने सकाळचे सगळे इंधन पिऊन टाकले होते.

देसांकाने ट्रकच्या चाकाला लाथ मारली. सर गळाकडे परत गेले. स्रेतेन रिकामे कॅन घेऊन ट्रकच्या मागे येऊन उभा राहिला.

"पोरी, थोडं देतेस?"

"किती?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली. सिगारेटच्या पाकिटावर त्याने बराच वेळ काहीतरी मांडले, खोडले, पुन्हा मांडले.

"बत्तीस."

तिने दात आवळून नळ सोडला. बत्तीस लिटर झाल्यावर तिने तो बंद करायला हात नेला, तेव्हा स्रेतेनने हळूच तिचे मनगट धरले.

"लिटर नाही, पोरी. किलो."

गळावरची नजर न हलवता सर काठावरून ओरडले, "स्रेतेन! पाचांपैकी तीन!"